दूध समांगी की विषमांगी? आठवीतल्या मुलीला नीट समजावून सांगायचं आहे

स्वरदाची_आई

नमस्कार. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. विज्ञानात सध्या ‘द्रव्याचे संघटन’ हा धडा चालू आहे. परवाच्या घटक चाचणीत वर्गीकरण करायला आलं होतं: साखरेचं पाणी, वाळू आणि मीठ, दूध, पितळ, लिंबू सरबत, हवा. तिने दूध समांगीच्या रकान्यात टाकलं आणि तिथला मार्क गेला. मार्काचं मला काही नाही. पण तिने घरी येऊन जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ‘पुस्तकात दिलंय म्हणून’ एवढ्यावर मला तिला गप्प करायचं नाही.

तिचं म्हणणं असं. पुस्तकात समांगी मिश्रण म्हणजे ज्याच्या सगळ्या भागांत घटकांचं प्रमाण सारखं असतं ते. दुधाच्या भांड्यातून वरून चमचा घ्या, खालून घ्या, मधून घ्या, दूध सारखंच दिसतं आणि सारखंच लागतं. वाळूसारखं तळाला काही बसत नाही. गाळणीतून गाळलं तर काही अडकत नाही. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड टोन्ड दूध’ असं छापलेलं आहे. मग ते विषमांगी कसं?

मी स्वतः कला शाखेची. साखरेचं पाणी आणि वाळूचं पाणी यांतला फरक मलाही कळतो, अडचण मधल्या गोष्टींची आहे. दूध, शाई, रक्त, साबणाचं पाणी. नक्की कुठली रेघ ओलांडली की मिश्रण विषमांगी होतं? आणि घरच्या घरी तिला काही करून दाखवता येईल का? तिला पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि ते मला बरंच वाटतं.

डोंबिवली_फास्ट

आमच्या वेळी सोपं होतं. डोळ्याला एकसारखं दिसलं की समांगी, वेगवेगळं दिसलं की विषमांगी. त्या हिशेबाने दूध समांगी. तुमच्या मुलीचं बरोबर आहे, पेपर पुन्हा तपासायला द्या.

रसायन_मास्तर

वरची व्याख्या डोळ्यावर सोडली की घोटाळा होतो, कारण डोळा कोणाचा आणि कशातून बघणारा हे ठरलेलं नसतं. नुसत्या डोळ्याला माणसाचा केसही एकजिनसी दिसतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. हा प्रश्न दरवर्षी यायचा, आणि विचारणारं पोर नेहमी विचार करणारं असायचं. तेव्हा मुलीला आधी शाबासकी द्या.

‘सगळ्या भागांत प्रमाण सारखं’ ही व्याख्या बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की ‘भाग’ केवढा धरायचा? चमचा हा फार मोठा भाग झाला. साखरेच्या पाण्यात साखरेचे रेणू एकेकटे पाण्यात विखुरलेले असतात, त्यांचा आकार साधारण १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे कितीही बारीक थेंब घेतला तरी त्यात पाणी आणि साखर तशीच मिसळलेली सापडते. ‘इथे साखर संपली, इथून पाणी सुरू झालं’ अशी सीमा कुठेच दाखवता येत नाही. अशी एकच प्रावस्था, म्हणजे आत कुठेही सीमा नसलेला एकसलग भाग, असलेलं मिश्रण ते समांगी.

दुधाचा थेंब काचपट्टीवर घेऊन साध्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पाण्यात तरंगणारे गोल गोल थेंब दिसतात, ती चरबी. गाईच्या दुधात त्यांचा सरासरी व्यास ३-४ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, काही १० च्याही पुढचे. प्रत्येक थेंबाला कड आहे, आत चरबी, बाहेर पाणी. म्हणजे दोन प्रावस्था. तिथेच निकाल लागला: विषमांगी. चरबीखेरीज केसीन या प्रथिनाचे पुंजके असतात, ते साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे. ते त्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, पण दुधाच्या पांढरेपणात त्यांचा मोठा वाटा आहे. साय काढून घेतलेलं दूधही पांढरंच राहतं ते याच पुंजक्यांमुळे.

हे जे मधले आकार आहेत, रेणूपेक्षा मोठे पण वाळूसारखे तळाला न बसणारे, त्यांना कलिल म्हणतात. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये ही जात वेगळी काढली. तुमच्या मुलीची अडचण नेमकी या जातीने तयार केलेली आहे: दिसायला समांगी, रचनेने विषमांगी. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातही कलिल विषमांगीतच घातलेलं आहे, तेव्हा परीक्षेत ‘दूध: कलिल, म्हणून विषमांगी’ असं लिहावं. शाई, रक्त, साबणाचं पाणी हे सगळे याच गल्लीतले. पितळ आणि हवा यांच्याबद्दल तिने काय लिहिलं होतं? दोन्ही समांगी. फक्त हवा म्हणजे धूळ आणि धूर वगळलेली हवा.

आता प्रयोग. दोन काचेचे सरळ पेले घ्या. एकात साखरेचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी आणि त्यात दुधाचे दोन-तीन थेंबच. जास्त दूध घालू नका, सगळंच पांढरं होऊन बसेल. मोबाईलच्या टॉर्चवर काळा कागद लावून सुईने भोक पाडा, खोलीत अंधार करा आणि झोत पेल्याच्या एका बाजूने आत सोडा. साखरेच्या पाण्यात झोताची वाट दिसणार नाही, दुधाच्या पाण्यात ती अख्खी उजळलेली दिसेल. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसेल. पेल्याच्या पलीकडून, झोताच्या रेषेत पाहिलं तर प्रकाश पिवळसर-नारिंगी दिसेल. निळा प्रकाश कणांवरून जास्त विखुरतो, लाल-पिवळा सरळ निघून जातो. याला टिंडॉल परिणाम म्हणतात. डोळ्याला जे कण दिसत नाहीत त्यांच्याबद्दल प्रकाश साक्ष देतो.

मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार केले होते. ते पाणी माणकासारखं लाल आणि अगदी स्वच्छ, पारदर्शक. कोणीही त्याला द्रावण म्हटलं असतं. पण झोत सोडला की वाट उजळते. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत.

संगमनेरचं_संकलन

ताई, मास्तरांनी पुस्तकाची बाजू नीट सांगितली. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझं संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. रोज सकाळ-संध्याकाळ गावातलं दूध आमच्याकडे येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) बघून भाव लागतो. तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो आमच्याकडे पैशाचा प्रश्न आहे, म्हणून मला यावर लिहावंसं वाटलं.

मुलगी म्हणते वरून घ्या, खालून घ्या, दूध सारखंच. पिशवीच्या दुधाबद्दल ती म्हणते ते बहुतेक खरं ठरेल, आणि त्यामागे एक यंत्र आहे, त्यावर पुढे येतो. पण धारेच्या दुधाबद्दल ते अजिबात खरं नाही.

थंडीच्या दिवसांत काही घरांचं संध्याकाळचं दूध रात्री केंद्रावर पोहोचत नाही. ते किटली गार पाण्यात ठेवतात आणि सकाळी आणतात. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळसर, चिकट थर लागलेला असतो. दुधाच्या वरचा बोटभर भाग दाट, खाली पातळ. अशा किटलीतून न हलवता वरून नमुना घेतला तर गाईच्या दुधाला फॅट सहाच्या पुढे जाते. तळातून घेतला तर तीनही भरत नाही. दूध तेच, गाय तीच. गाईच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. त्याखाली एकेका पॉइंटला पैसे कापले जातात. तेव्हा पळी कुठे बुडवली यावर त्या माणसाचा दहा दिवसांचा पगार वर-खाली होतो.

म्हणून आमच्याकडे नियम आहे. आधी झाकणाला लागलेलं दुधात परत सोडायचं. मग लांब दांड्याच्या पळीने तळापासून वर, वरून तळापर्यंत सावकाश ढवळायचं. घुसळायचं नाही, कारण फेस आला की त्यातली हवा यंत्रात जाते आणि आकडा भलताच येतो. मग लगेच नमुना घ्यायचा. थांबलं की पुन्हा ढवळायचं. साखरेच्या पाण्याला यातलं काही लागलं असतं का? एकदा विरघळलेली साखर रात्रभर ठेवली तरी वर येत नाही की खाली बसत नाही. नमुना घेण्याआधी ढवळावं लागतं, हाच पुरावा आहे की दूध विषमांगी आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्याच किटलीत वरच्या आणि खालच्या नमुन्याची फॅट दुपटीने वेगळी येते, पण एसएनएफ जवळपास जागेवर राहतो. वर मलईने जागा व्यापली म्हणून तिथे जरासा कमी दिसतो, एवढंच. असं का? एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ: दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, प्रथिनं, क्षार. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं आहे, ते कुठे जाणार? केसीनचे पुंजके इतके बारीक की रात्रभरात जागचे हलत नाहीत. चरबीचे थेंब मोठे आणि पाण्यापेक्षा हलके, ते वर चढतात. म्हणजे एकाच किटलीत तीन प्रकार नांदतात: लॅक्टोज आणि बरेचसे क्षार द्रावण, केसीन कलिल, चरबी पायस (म्हणजे एका द्रवात न विरघळता विखुरलेले दुसऱ्या द्रवाचे थेंब). मुलीला ‘दूध कोणत्या रकान्यात’ असं विचारण्याऐवजी ‘दुधातलं काय कोणत्या रकान्यात’ असं विचारलं तर तिला जास्त लवकर उमजेल असं मला वाटतं.

आता पिशवीवरचं होमोजिनाइज्ड. डेअरीत पाश्चरायझरच्या जोडीला होमोजिनायझर असतो. दूध साधारण ६० अंशांपर्यंत गरम करून १५० ते २०० बारच्या दाबाने एका अगदी बारीक फटीतून ढकलतात. फटीतून निघताना चरबीचे थेंब फुटतात आणि एक मायक्रोमीटरच्या आत येतात. फ्रान्सच्या ऑग्युस्त गोलँ याने हे यंत्र काढलं, पेटंट १८९९ चं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडलं होतं.

थेंब फुटले, पण विरघळले नाहीत. चरबी पाण्यात विरघळतच नाही, कितीही दाब द्या. फक्त वर चढण्याचा वेग कमी झाला. हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३ मायक्रोमीटरचा एकटा थेंब तासाला एखादा मिलिमीटर चढतो. तोच अर्ध्या मायक्रोमीटरचा केला तर ३६ पटीने सावकाश चढणार. त्यात पुन्हा फुटलेल्या थेंबांना केसीन चिकटतं आणि त्यांचं वजन वाढतं. त्यामुळे पिशवी फ्रीजमध्ये दोन दिवस राहिली तरी वर थर दिसत नाही. मुलीला भांड्यात सगळीकडे सारखं दूध दिसलं ते यामुळे. ते दूध विषमांगीच आहे, फक्त वेगळं होणं लांबणीवर टाकलेलं आहे.

हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. फॅट काढायची जुनी गर्बर पद्धत आम्ही यंत्राचा आकडा पडताळायला अजून वापरतो. बुटिरोमीटर नावाची जाड काचेची नळी असते, एका टोकाला बारीक मान आणि त्यावर खुणा. त्यात १० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून फडक्यात धरून हलवली की नळी हातात धरवत नाही इतकी तापते, आतलं सगळं काळपट तपकिरी होतं. प्रथिनं आम्लात विरघळली, चरबीभोवतीचं वेष्टन तुटलं. मग मिनिटाला ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवायची, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि मानेतला सोनेरी पिवळा स्तंभ वाचायचा. खाली काळं, वर पिवळं, मध्ये कापल्यासारखी स्वच्छ रेघ. साध्या दुधाला एक फेरी पुरते. होमोजिनाइज्ड दुधाला पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, कारण बारीक थेंब लवकर गोळा होत नाहीत. पण शेवटी तेही वर येतातच.

हा प्रयोग घरी अजिबात करू नका. तीव्र आम्ल आहे. जवळ एखादं संकलन केंद्र किंवा डेअरी असेल तर मुलीला घेऊन जा आणि दाखवा म्हणा. बहुतेक जण आनंदाने दाखवतील. आमच्याकडे आलात तर मी दाखवीन.

जाता जाता टोन्ड दुधाबद्दल. म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ८ टक्के. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून फॅट ३ आणि एसएनएफ ८.५ वर आणायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात. ही कल्पना १९४० च्या दशकात मुंबईत निघाली, दारा खुरोडी यांची. आरे दूध वसाहत उभी करणारे तेच. १९६३ साली त्यांना अमूलचे त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुरोडींचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्वरदाची_आई

मास्तर, दादा, तुम्ही दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. दादांचं उत्तर तिने स्वतः वाचलं आणि झाकणाच्या थराशी आल्यावर लगेच स्वयंपाकघरात जाऊन पिशवी बघून आली.

काल रात्री झोताचा प्रयोग केला. दुधाचं पाणी सांगितल्याप्रमाणेच. बाजूने निळसर छटा इतकी स्पष्ट होती की ती आजीला हाताला धरून दाखवायला घेऊन आली. पण एक अडचण आली. तिने स्वतःच्या मनाने तिसरा पेला मिठाच्या पाण्याचा केला, आणि त्यातही झोताची पुसटशी वाट दिसली. साखरेच्या पाण्यात मात्र काही दिसलं नाही. पाणी तिन्ही पेल्यांत फिल्टरचं, एकाच तांब्यातलं. मीठ तर द्रावण व्हायला हवं ना?

रसायन_मास्तर

मुलीने तिसरा पेला केला हे फार चांगलं केलं. मीठ विरघळलेलंच आहे, ती वाट मिठाची नाही. पाकिटातलं मीठ दमट हवेत गोळा होऊ नये म्हणून त्यात मोकळं ठेवणारा पदार्थ घालतात. पाकीट बघा, त्यावर ५५१ असा क्रमांक दिसला तर तो सिलिकॉन डायऑक्साईड, म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूचाच भाऊबंद, अतिशय बारीक केलेला. तो पाण्यात विरघळत नाही आणि प्रकाश विखुरतो. बाजारात खडे मीठ मिळतं, त्यात हा पदार्थ बहुधा नसतो, पण माती असते. ते विरघळवून कापसाच्या दाट बोळ्यातून दोन-तीनदा गाळा आणि मग झोत सोडा. वाट बरीच फिकी झालेली दिसेल.

आणखी एक करता येईल. कोमट दुधात लिंबू पिळा. केसीन ४.६ च्या आसपास सामूला (सामू म्हणजे पीएच, आम्लता मोजण्याचं माप) एकत्र येऊन गोळा होतं, आणि चरबी त्यातच अडकून राहते. फडक्यातून गाळा. खाली जी निवळी येते तिचा रंग नीट बघा, हिरवट पिवळा असतो. तो रिबोफ्लेविनचा, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचा. लॅक्टोज निवळीत उतरलेलं असतं, मंद आचेवर आटवली की लिंबाच्या आंबटपणामागे हलकी गोडी लागते. जे फडक्यावर राहिलं ते विषमांगी भागाचं, जे खाली गेलं त्यात द्रावण. निवळीतही झोत दिसेल, कारण दुधातली काही प्रथिनं लिंबाने गोळा होत नाहीत आणि ती खाली उतरतात.

गोळ्या_औषधं

मी छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या बनवण्याच्या विभागात काम करते. दादांनी नमुन्याचा मुद्दा काढला म्हणून लिहितेय, कारण आमचा दिवस त्यातच जातो.

थायरॉईडची गोळी घ्या. ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीचं वजन शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे औषध जेमतेम दोन हजारांत एक भाग. बाकी सगळी पूड. ही दोन पुडींची मिसळ विषमांगी आहे, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचे कण वेगवेगळे ओळखता येतात, आणि कितीही वेळ मिसळलं तरी ती द्रावण होणार नाही. तरीही प्रत्येक गोळीत औषध सारखंच यायला हवं, नाहीतर एका पेशंटला दुप्पट जाईल आणि दुसऱ्याला काहीच नाही. तेव्हा आमचा प्रश्न ‘समांगी आहे का’ असा नसतो, ‘एका गोळीएवढ्या नमुन्यात प्रमाण सारखं येतं का’ असा असतो.

त्यासाठी औषध एकदम सगळ्या पुडीत टाकत नाहीत. थोडं औषध, तेवढीच पूड, मिसळा. मग त्याच्याएवढी पूड, पुन्हा मिसळा. असं वाढवत न्यायचं. मिसळून झालं की ब्लेंडरच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून, कोपऱ्यांतून, लांब नळीसारख्या साधनाने नमुने काढतात. प्रत्येक नमुना साधारण एक ते तीन गोळ्यांएवढा. ही जागा आम्ही फार जपतो: नमुना मोठा घेतला की सगळं छान सारखं दिसतं आणि दोष झाकला जातो. मिसळण्याचा वेळही मोजून ठरवलेला असतो. कमी मिसळलं तर औषध पसरत नाही. फार वेळ फिरवत ठेवलं, किंवा नंतर पिंप हलत-डुलत नेलं, तर बारीक कण खाली झिरपतात, जाड वर राहतात आणि चांगली मिसळलेली पूड पुन्हा वेगळी होते.

मुलीला सांगा, चमच्याने पाहिलं तर तिचं बरोबर होतं. चमच्याएवढ्या नमुन्यासाठी पिशवीतलं दूध एकसारखंच आहे. रचना विचारली तर ते विषमांगी. शाळेत विचारलं जातं ते रचनेबद्दल.

डोंबिवली_फास्ट

हे चांगलं समजलं. मास्तर, मग धुकंपण कलिल का? आणि मुंबईच्या हवेतला हिवाळी धूर?

रसायन_मास्तर

दोन्ही. धुक्यात हवेत पाण्याचे थेंब, धुरात हवेत घन कण. पहाटे गाडीच्या दिव्यांचे झोत धुक्यात दिसतात तो टिंडॉल परिणामच.

स्वरदाची_आई

तिने वहीत दुधाचे तीन रकाने केलेत: विरघळलेलं, कलिल, पायस. आणि वर्गशिक्षिकांना दाखवणार आहे. त्यांनी मार्क कापला म्हणून नाही, ‘बाईंना झोताचा प्रयोग आवडेल’ म्हणून.

आता तिचा शेवटचा प्रश्न, यापुढे मी तुम्हाला त्रास देणार नाही. घरचं साजूक तूप. उन्हाळ्यात बरणीत पातळ आणि आरपार दिसणारं, तेव्हा ते समांगी. थंडीत तेच रवाळ होतं, वर थोडं पातळ आणि खाली दाणे. काही घातलं नाही, काही काढलं नाही. मग ते आता विषमांगी झालं का? ती म्हणते, असं आपोआप बदलता येतं का?

संगमनेरचं_संकलन

त्रास कसला ताई, विचारत राहा.

हो, बदलतं, आणि तिने अगदी नेमकं धरलं. तूप हा एकच पदार्थ नाही, त्यात अनेक तऱ्हेचे स्निग्ध रेणू एकत्र असतात. काही थोड्याशा उबेनेही वितळणारे, काहींना चांगली उष्णता लागणारे. गरम असताना सगळे एकमेकांत मिसळून एकच द्रव, आरपार दिसणारा. सावकाश गार होताना ज्यांना वितळायला जास्त उष्णता लागते ते आधी घट्ट होतात आणि त्यांचे दाणे बनतात. बाकीचे भोवती पातळ राहतात. घन आणि द्रव, दोन प्रावस्था, मध्ये सीमा. म्हणून विषमांगी. मिश्रणात काय आहे याबरोबर तापमान किती आहे हेही सांगावं लागतं. एकदम गार केलं, फ्रीजमध्ये टाकलं, तर दाणे बनायला सवड मिळत नाही आणि तूप गुळगुळीत, मेणासारखं थिजतं. ज्यांना रवाळ तूप आवडतं ते कढवलेलं भांडं हलवत नाहीत, ओट्यावर तसंच झाकून गार होऊ देतात.

मुलीला करून बघायचं असेल तर रवाळ बरणीतलं वरचं पातळ तूप एका वाटीत आणि खालचे दाणे दुसऱ्या वाटीत काढायला सांगा. दोन्ही वाट्या पूर्ण वितळवा आणि पुन्हा सारख्याच गार होऊ द्या. दाण्यांची वाटी आधी आणि जास्त घट्ट होईल. म्हणजे वर आणि खाली रेणूंचं प्रमाण खरंच वेगळं होतं. तूप तपासणीला येतं तेव्हाही हेच सांभाळावं लागतं. डब्याच्या तोंडाशी चमचा घालून नमुना काढत नाहीत. अख्खा डबा कोमट करून सगळे दाणे वितळेपर्यंत थांबतात, ढवळतात आणि मगच बाटली भरतात.